चार भोकांचा डबा

गिरिधरनं मुंबईहून आणलेला डबा निंबाखालच्या बाजेवर ठेवला आणि वरचं कापड काढलं, तेव्हा जमलेल्या गजभिये मंडळींनी आधी त्याच्या मागे वाकून पाहिलं. बाकीचा कुठे आहे, हे त्यांना कळेना. शिलाई मशीनच्या झाकणाएवढी ती वस्तू. काळं रेक्झिन, पुढून जाळीचं कापड, वर धरायला मूठ, आणि माथ्यावर बटनांची अशी दाटी की कुठलं कशासाठी ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. आजवर 'रुपराव गजभिये आणि पार्टी'चं गाणं मंडपवाल्याच्या भोंग्यातून गेलं होतं, आणि तो भोंगा झाडावर चढवायला दोन गडी लागत. आता हा पोरगा सांगत होता की याला अँप्लिफायर म्हणतात, भोंग्याचं काम तर हा करीलच, वर त्याची गिटार, बँजो आणि सगळे माइक याच्यातच जोडायचे.

"एका तोंडानं चार जन कसे बोलतीन?" मनकर्णाबाईनं विचारलं.

मनकर्णाबाई म्हणजे रुपरावांची बायको, घरातली थोरली. जी गोष्ट समजत नसे ती मनकर्णाबाई आधी खोटी धरून चाले आणि मग चौकशी करी. तिनं डब्याला नाक लावून नव्या रेक्झिनचा वास घेतला, हातानं उचलून पाहिला आणि परत ठेवला. एका हातानं उचलला जाणारा डबा मौद्याच्या मैदानाला कसा पुरेल, असा तिचा दुसरा प्रश्न होता. बुद्धपौर्णिमेचा मौद्याचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर आला होता आणि आजची रविवारची तालीम त्याच्यासाठीच होती.

अंजनाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. डबा तिच्या पोरानं आणला होता, आणि तो जवळून पाहावा असं तिला फार वाटत होतं. पण बाजेसमोरच्या खुर्चीवर रुपराव बसले होते आणि रुपराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, पदर कपाळाखाली ओढायचा, ही जुनी रीत. छप्पन साली या घरानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गेला, गंडेदोरे गेले, सणवार बदलले. ही एक रीत तेवढी घराबाहेर काढायची राहून गेली.

गंमत अशी की तिला गाणं शिकवलं ते याच भासऱ्यांनी. ते पुढे पाठ करून बसत, ती मागे बसे. त्यांनी एक ओळ म्हणायची आणि तिनं ती त्यांच्या पाठीला परत द्यायची. ती चुकली की रुपराव न वळता मांडीवर थाप मारत आणि धोंडबाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणत, तिले सांग, सूर उतरला. इतकी वर्षं एका पार्टीत गाऊनही रुपरावांनी तिचं तोंड गाताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांना फक्त कानानं माहीत होती.

"चार भोकं हायेत, मोठे बाबा," गिरिधर रुपरावांना सांगत होता. "परतेकाचा रस्ता अलग. तुमचा आवाज वाढवला तं जवाईबापूचा बँजो वाढत नाही. ज्याचं त्याचं बटन."

बोलणाऱ्याला कळलं नाही, पण हे वाक्य मोठं धोक्याचं होतं. ज्याचं त्याचं बटन म्हटल्यावर कोणाचं कोणतं, हा प्रश्न आलाच. रुपरावांचा जावई ताराचंद बेसा गावाहून सायकलवर बँजो बांधून आला होता. त्यानं सांगितलं की आपला काही आग्रह नाही, फक्त शेवटचं भोक आपल्याला देऊ नये. जावयाला उरलंसुरलं देणं बरं दिसत नाही, असं मनकर्णाबाईनं लगेच जोडलं. धोंडबानं ढोलकीचं भोक कुठलं ते विचारलं. ढोलकीला भोक लागत नाही, ती तशीच ऐकू येते, असं उत्तर मिळाल्यावर तो ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला. आणि तेवढ्यात मनकर्णाबाईच्या लक्षात आलं की पहिल्या भोकाखाली इतरांपेक्षा एक बटन जास्त आहे. झालं. जास्त बटन ज्याला ते भोक मोठं, आणि मोठं ते रुपरावांचं, असा निकाल लागला.

ते भोक गिटारीसाठी आहे, त्या बटनानं सूर थरथरतो, असं गिरिधर जीव तोडून सांगत होता. कोण ऐकतो. चार दिवसांच्या गिटारीला पार्टीच्या मालकापेक्षा जास्त बटनं असतील, ही कल्पनाच या घरात कोणाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. रुपरावांचा माइक पहिल्या भोकात गेला. मनकर्णाबाईनं, कसर राहू नये म्हणून, जास्तीचं बटन होईल तितकं फिरवून ठेवलं. रुपरावांनी गळा साफ करून एक ओळ म्हटली, ती डब्यातून थंडीत नदीत उभ्या असलेल्या माणसासारखी कापत कापत बाहेर आली.

रुपराव गायचे थांबले आणि डब्याकडे पाहू लागले. मग सगळेच पाहू लागले.

"यायच्या आवाजाले काय केलं यानं?" मनकर्णाबाईनं नवऱ्याकडे बोट करून विचारलं.

गिरिधरनं वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, बटन खाली आणलं, आणि आवाज सरळ झाला. पण घराचं मत होऊन बसलं होतं. हा डबा आवाजाला काहीतरी करतो.

मग पुढचा घोळ. गिरिधरनं एक माइक रुपरावांसमोर उभा केला, एक कोरससाठी ढोलकीच्या पलीकडे ठेवला, बँजोला आणि गिटारीला आपापली भोकं दिली, आणि गाणं सुरू करा म्हटल्याबरोबर सगळे जण रुपरावांच्या माइकभोवती येऊन उभे राहिले. त्यांचाही दोष नव्हता. भोंग्याच्या जमान्यात पार्टीजवळ माइक एकच. त्याच्यापासून वीतभर अंतरावर रुपराव, त्यांच्या डाव्या खांद्यामागे अंजनाबाई, तिच्या मागे कोरसच्या बाया, त्यांच्या पलीकडे बँजो आणि ढोलकी. ज्याला जोरात ऐकू यायचं त्यानं जवळ यायचं, ज्याला हळू त्यानं लांब राहायचं. कोणाचं पार्टीत काय वजन, ते त्या अंतरावरून गावालाही कळे. आता पोरगा म्हणत होता की जागा कुठलीही असू द्या, आवाज मी इथे बसून कमीजास्त करतो. सगळ्यांना हाताला धरून त्यानं आपापल्या जागी नेलं. अंजनाबाई पहिल्यांदाच रुपरावांच्या मागे नसून बाजूला, कोरसच्या माइकपाशी, उभी राहिली. तिनं तोंड निंबाकडे फिरवून पदर खाली ओढला.

गाणं रुपरावांचंच होतं, दीक्षेच्या दिवसाचं. 'पांढरं लुगडं नेसून, माय माझी निघाली.' या गाण्यावर पार्टीनं नाव कमावलं होतं. दोन ओळी साध्या जात आणि तिसऱ्यांदा 'निघाली' म्हणताना सूर एकदम वरच्या टिपेला चढे. तिथे गावोगाव लोक उठून उभे राहत.

आणि तिथेच अंजनाबाईचं गुपित होतं. काही वर्षांपूर्वी एका गावच्या कार्यक्रमात रुपरावांचा आवाज त्या टिपेवर फाटला. काय झालं हे तिला पुरतं कळायच्या आत तिनं अर्धं पाऊल पुढे टाकलं होतं, माइकच्या जवळ, आणि आपला सूर त्यांच्या सुरावर ठेवला होता. झाडावरच्या भोंग्यातून टीप अखंड गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपरावांनी पाणी मागितलं आणि पुढचं गाणं धरलं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्या ठिकाणी अर्धं पाऊल पुढे, आणि टीप झाली की अर्धं मागे. याबद्दल कोणी कोणाशी बोललं नाही. रुपरावांना ठाऊक होतं का? कधी तिला वाटे की असणारच, कधी वाटे की नसावं. खाली गाणाऱ्याला झाडावरचा आवाज कोणाचा किती, हे कुठे कळतं?

आज 'निघाली' आली, आणि अंजनाबाईनं सवयीनं अर्धं पाऊल पुढे टाकलं. डब्याजवळ बसलेल्या गिरिधरनं ऐकलं की कोरस मुख्य आवाजावर चढतोय. कामात तो चोख. त्यानं कोरसचं तिसरं बटन हलकेच खाली आणलं.

आईचा सूर डब्यातून नाहीसा झाला आणि रुपरावांचा एकट्याचा उरला. तो जुनं धोतर टरकावं तसा टिपेवर टरकला, आणि निंबाखाली सगळ्यांनी तो ऐकला.

ढोलकी थांबली, बँजो थांबला. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या डब्याकडे. रुपरावांकडे पाहायची कोणाची छाती नव्हती.

"हा डब्बा खराब हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

ताराचंदला ते मघापासून वाटतच होतं. कोरसच्या बायांनीही माना डोलावल्या. धोंडबानं ढोलकीवरून मान वर न करता सांगितलं की असेल, खराबच असेल. गिरिधर बापाकडे पाहतच राहिला. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, डब्याला कान लावला. आतून बारीक गुणगुण येत होती, लाल दिवा जळत होता, सगळं जागच्या जागी होतं. डबा चांगला आहे, एवढं म्हणून तो पुढे काहीतरी बोलणार, तोच धोंडबानं ढोलकीवर थाप मारली आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं. रुपराव त्या लाल दिव्याकडे पाहत होते.

अंजनाबाईनं चुलीवर आधण ठेवलं आणि तिच्यामागून मनकर्णाबाई आत आली. तिनं दार ओढून घेतलं.

"तुले मालूम हाय ना वं?" ती म्हणाली.

"काय, बाई?"

"नाटक नको करू. यायचा आवाज गेला. सकाळी घसा मोकळा करता करता ऊन अंगणात येते, ते मले दिसत नाही का? आन तू सांभाळून राहिली, तेबी मले मालूम हाय."

अंजनाबाईच्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. हे फक्त आपल्याला ठाऊक, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता मनकर्णाबाईला ठाऊक, ढोलकीच्या त्या थापेवरून नवऱ्यालाही ठाऊक असणार. मग ज्यांच्यापासून लपवत होतो ते नेमके कोण? तिला काही उमजेना. मनकर्णाबाईनं तिचा हात धरला. धुसफूस करणारी ही जाऊ कधी असा हात धरील असं तिला वाटलं नव्हतं.

"तू एकच कर. डब्बा खराब हाय म्हन. पोरगा तुहं ऐकन. यायचं गानं गेलं तं मानूसच जाईन वं."

डोळे पुसत मनकर्णाबाई बाहेर गेली, आणि मागच्या दारानं गिरिधर आला. तो चिडलेला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो गोंधळून गेला होता. दहा दुकानं हिंडून, वाजवून पाहून आणलेला डबा इथे येताच कसा खराब झाला, हे त्याला समजत नव्हतं. मोठ्या बाबांच्या टिपेत काय झालं ते मात्र त्याला ऐकू आलं होतं, आणि ते सोडून सगळे वायरीबद्दल का बोलतात हे तर त्याहून समजत नव्हतं.

"माय, तुह्या कानाले तं समजते," तो म्हणाला. "डब्बा खराब हाय का?"

अंजनाबाईनं आधणात चहा टाकला.

"नाही ना? मंग काहून कोनी बोलून नाही राहिलं? हा डब्बा इथं नको असन तं मीबी इथं कायले? भिलाईचा ऑर्केस्ट्रावाला बोलावूनच राहिला."

"जाशीन?"

"डब्ब्यासंगं जाईन," गिरिधर म्हणाला, आणि रिकाम्या कपांची थाळी उचलून बाहेर गेला.

तो जाईल हे तिला ठाऊक होतं. एकुलता एक पोरगा, पार्टीत गिटार घ्यावी म्हणून दोन वर्षं मोठ्या बाबांच्या मागे लागलेला, आणि शेवटी रुपरावांनी हो म्हटलं म्हणून मुंबईला धावलेला. त्याच्या डब्याला खोटं पाडलं तर त्याचं मन या अंगणात राहणार नाही. आणि डबा खरा म्हटला तर भासऱ्यांचं गाणं संपलं, असं आपणच चारचौघांत म्हटल्यासारखं होणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये चहा उतू जात होता.

बाहेर चहा झाला तेव्हा रुपराव पहिल्यांदा बोलले. आवाज न चढवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"धोंडबा, तुह्या मंडळीले सांग, माह्या माइकवर हेच गानं म्हन. मानसाचा घसा एखाद दिवस बसते. डब्बा खराब असन तं तिचाबी सूर फाटन. नाही फाटला तं डब्बा साजरा हाय."

यात कोणाला काही बोलायला जागाच नव्हती. रुपरावांनी खुर्ची उचलली, निंबाच्या बुंध्याजवळ नेली आणि माइककडे पाठ करून बसले. जसे शिकवायला बसत, तसेच.

अंजनाबाई त्या माइकसमोर जाऊन उभी राहिली. जिथे ती कधी उभी राहिली नव्हती ती जागा, वीतभर अंतराची. एकीकडे मनकर्णाबाई पदराचं टोक दातात धरून उभी, दुसरीकडे गिरिधर, बोटं बटनावर. तिनं मनाशी हिशेब केला. पोरगा भिलाईला गेला तर सुट्टीत येईल, रागावला तर कधीतरी विरघळेल. भासऱ्यांचं गाणं गेलं तर ते कुठून परत यायचं? खोटं गायचं, असं तिनं ठरवलं.

तिनं सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीला दचकली. डब्यातून एक बाई गात होती. झाडावरून नाही, समोरून, सगळ्यांपासून सुटी, श्वाससुद्धा ऐकू येत होता. हा आवाज कोणाचा, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं. आपला, हे कळल्यावर ती आणखीच घाबरली, कारण तो तिला आवडला होता. आवडला याची लाज वाटली. त्या गडबडीत दुसरी ओळ गेली, 'निघाली' आली, आणि तिनं ठरवल्याप्रमाणे टीप फाडली. ती फाडणं तिला अवघड नव्हतं. इतकी वर्षं ती फाटलेली टीप रुपरावांच्या खांद्यामागून ऐकत आली होती.

"म्हटलं होतं ना म्या," मनकर्णाबाईनं मोकळा श्वास सोडला. ताराचंद म्हणाला की वस्तू नागपुरातच घ्यावी, बदलून तरी मिळते. गिरिधरनं आईकडे पाहिलं. गिटारीची वायर डब्यातून काढली आणि कोपराभोवती गुंडाळू लागला. ती गुंडाळी पाहून आपण काय करून बसलो ते अंजनाबाईला धड कळेना.

"थांब गा, गिरिधर," रुपराव म्हणाले. ते वळले नव्हते. "डब्ब्यानं तिचा सूर कुठं फाडला?"

गिरिधर म्हणाला, "'निघाली'वर, मोठे बाबा. तिसऱ्या बारीले."

"आन माहा?"

"तिथंच."

"खालच्या दोन ओळी साफ. वरची सुरुवात साफ. माहा जिथं फाटला, बरोबर तिथंच तिचा फाटला, आन तेवढाच." रुपराव म्हणाले. "डब्ब्याले गान्याचे शब्द कुठं समजते?"

मनकर्णाबाई मटकन बाजेच्या काठावर बसली. अंजनाबाईला वाटलं, आपल्या पायाखालचं अंगण कोणी ओढून घेतंय. जे झाकायला खोटं बोललो, त्या खोट्यानंच ते उघडं पाडलं. तोंडानं खोटं बोलली असती तर कदाचित खपलं असतं. पण ती खोटं बोलली गाण्यात, आणि तेही ज्या एका माणसाला ती फक्त गाण्यातून ठाऊक होती त्याच्याजवळ.

"तिले सांग," रुपरावांनी धोंडबाकडे मान वळवली, आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग निंबाच्या बुंध्याला सांगावं तसं म्हणाले, "अंजना. आता खरं म्हन."

तिचं नाव त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. धोंडबाचे हात ढोलकीवरच थांबले. ती रडत होती की काय हे तिलाही नीट कळत नव्हतं, पण गाणं सुरू झालं आणि टीप आली, ती निंबावरून हुडकेश्वरच्या रस्त्यापर्यंत गेली. तिथून जाणारा एक दूधवाला सायकलवरून उतरला. डब्यात सूर जरासुद्धा फाटला नाही. रुपरावांनी मांडीवर थाप मारली नाही. गाणं संपल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि कोणाकडे न पाहता बेशाच्या रस्त्यानं चालू लागले.

पुढचे दिवस घरात कोण कोणाच्या बाजूनं आहे, हेच समजेनासं झालं. मनकर्णाबाई अंजनाबाईशी बोलायची बंद झाली, आणि ती पाणी भरायला गेली की तिच्या वाटच्या भाकरी आपणच थापून ठेवू लागली. ताराचंद एकाएकी तिला मान देऊ लागला. काकी, तुमच्या शेजारचं भोक बँजोले बरं, असा निरोप त्यानं बेशाहून मुद्दाम पाठवला. गिरिधरनं भिलाईचं नाव काढलं नाही, पण डबाही उघडला नाही. आपलं चुकलं का, असं तिनं नवऱ्याला विचारलं तेव्हा धोंडबा सुपारी कातरत होता.

"तुनं चांगलं केलं का वाईट, ते मले समजत नाही," तो म्हणाला. "पन गायलं साजरं."

रुपराव रोज लांब फिरून येत. सकाळी घसा मोकळा करायचा आवाज बंद झाला होता, आणि त्या शांततेनं अंजनाबाईला जाग यायची. मौद्याला कोण गाणार, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. तिला तर विचारायचं सोडाच, समोर उभं राहायचीही सोय नव्हती.

पौर्णिमेच्या दिवशी मॅटाडोर दारात आली तेव्हा रुपराव पांढरा सदरा, पांढरं धोतर घालून ड्रायव्हरशेजारी आधीच बसलेले. मनकर्णाबाईचा चेहरा उजळला. म्हणजे तेच गाणार. अंजनाबाईलाही हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याखाली कुठेतरी थोडं वाईटही वाटलं, ते तिनं स्वतःला दिसू दिलं नाही.

मौद्याच्या विहारापुढे मैदान भरलं होतं. चंद्र नुकताच वर येत होता. गिरिधरनं डबा स्टेजवर एका स्टुलावर ठेवला, तेव्हा कार्यक्रमवाल्यांनी त्याच्या मागे वाकून पाहिलं आणि बाकीचा कुठे आहे म्हणून विचारलं. वायरी लागल्या, लाल दिवा लागला. रुपरावांचं नाव पुकारलं गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपराव स्टेजवर चढले, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हात जोडले, आणि पुढच्या माइकपाशी न थांबता तसेच मागे गेले. कोरसच्या बायांत जाऊन, त्यांच्या माइकपासून जरा लांब, उभे राहिले.

पुकारणारा गोंधळला. मनकर्णाबाई पुढच्या रांगेत अर्धी उठली आणि परत बसली. ताराचंदनं बँजोवर एक सूर छेडून सोडून दिला. पुढचा माइक मोकळा होता आणि सगळे अंजनाबाईकडे पाहत होते. भासऱ्यांपुढे उभं राहायचं नाही, ही रीत. पण पुढे उभी राहिली तर तिची पाठच त्यांच्याकडे होणार होती, तोंड नाही. रीत मोडतेय की पाळली जातेय, हेही तिला ठरवता येईना. गिरिधरनं गिटारीचा पहिला सूर दिला. ती पुढे गेली.

'पांढरं लुगडं नेसून' म्हणताना तिचा पदर डोक्यावरून घसरला आणि तिनं तो घसरू दिला. मैदान शांत होतं. पहिली 'निघाली' गेली, दुसरी गेली. तिसरीच्या आधी तिला एकदम भीती वाटली. आता झाकायला कोणी नाही, आपण एकट्या आहोत, आणि हा डबा काहीच लपवत नाही. भीतीनं श्वास आखूड पडला. टीप चढली खरी, पण चढता चढता कापू लागली.

तेव्हा तिच्या डाव्या खांद्यामागे लाकडी फळी करकरली. कोणीतरी अर्धं पाऊल पुढे आलं होतं. एक जाड, खालचा, भरलेला आवाज आला, तोच शब्द पूर्ण एक सप्तक खाली. रुपरावांचे खालचे सूर अजून शाबूत होते. तो सूर तिच्या सुराखाली येऊन थांबला आणि तिथेच राहिला, आणि वरची टीप त्याच्यावर उभी राहिली.

गिरिधरचा हात सवयीनं तिसऱ्या बटनाकडे गेला. कोरस मुख्य आवाजावर चढत होता, आणि तो उतरवणं हे त्याचं कामच. बोटं बटनावर टेकली. मग त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, आणि हात काढून गिटारीवर ठेवला.